पीएचडीला विषय कोणता घ्यावा? इतके वेगवेगळे विषय बघून गोंधळ उडालाय

चोपडेकर_मास्तर

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्र झालंय, चोपड्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघालीय आणि आता गाईड सर विषय मागतायत. मागे एका बहुविद्याशाखीय परिषदेला गेलो होतो, तिथून आल्यापासून डोकं चालेनासं झालंय. एका खोलीत बचत गटांच्या कर्जफेडीवर पेपर, शेजारच्या खोलीत औष्णिक केंद्राची राख काँक्रीटमध्ये किती मिसळली तर ते किती ताकद धरतं, वरच्या मजल्यावर पाड्यांवरच्या गरोदर बायांचं हिमोग्लोबिन आणि जेवणानंतर अहिराणी लग्नगीतं. सगळं संशोधनच, सगळं एकाच बॅनरखाली. आता राखेवालं काम मला थोडंफार कळलं, कारण ठोकळा मशीनमध्ये दाबला, फुटला, आकडा आला. पण कर्जफेडीचं काय? तिथे बाई खरं बोलतेय की नाही इथून सुरुवात. मग या सगळ्याला एकच मोजपट्टी कशी लावायची?

सर म्हणतात "जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादनाचा आर्थिक अभ्यास" घेऊन टाक. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) बघितलं तर असल्याच नावाचे प्रबंध, तालुका नाहीतर पीक तेवढं बदललेलं. घरी वडील कापूस आणि केळी दोन्ही करतात, त्यामुळे विषय ओळखीचा आहे, पण पाच-सहा वर्षं घालवून शेवटी "शेतकऱ्यांना योग्य भाव मिळाला पाहिजे" असं लिहायचं असेल तर ते आत्ताच लिहून देतो. कुणी या रस्त्याने गेलं असेल तर मनापासून सांगा.

तापीकाठ

मास्तर, पेट काढलीत, अभिनंदन. विषयाचं नाव सोडा, आधी प्रश्न सापडतोय का बघा. "केळी उत्पादनाचा आर्थिक अभ्यास" यात विचारलंय काय? काहीच नाही. आणि सगळ्या शाखांना एक मोजपट्टी नसतेच. ठोकळा फोडणारा माणूस दुसरा तसाच ठोकळा बनवून पुन्हा फोडू शकतो, तुम्हाला तोच हंगाम आणि तोच शेतकरी पुन्हा मिळणार नाही. म्हणून तुमच्याकडे तुलना कुणाशी करायची हे ठरवण्यात सगळी मेहनत जाते, आणि तिथेच बहुतेक प्रबंध पडतात.

कपाशीवाला_धरणगाव

वरच्या भाऊंशी सहमत आहे, पण कापसाचं उदाहरण देतो म्हणजे नीट कळेल, जरा लांबण लागेल.

बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारा जनुक घातलेल्या वाणाला) आपल्या देशात २००२ साली मंजुरी मिळाली. त्याने शेतकऱ्याचा फायदा झाला का, एवढा साधा प्रश्न. काथागे आणि काइम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या ५३३ शेतकरी कुटुंबांची माहिती २००२ ते २००८ मध्ये चार फेऱ्यांत गोळा केली. एकदाच जाऊन फॉर्म भरून आले नाहीत, त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा गेले, कारण हुशार शेतकरी बीटी आधी घेतो आणि त्याचं उत्पन्न तसंही जास्तच असतं, मग वाढ बियाण्याची की माणसाची हे एका फेरीत कळत नाही. त्यांचं उत्तर २०१२ मध्ये छापून आलं, एकरी उत्पादन २४ टक्के वाढलं आणि नफा ५० टक्के. पद्धत चांगली, आकडेही चोख.

मग २०२० मध्ये केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांचा पेपर आला. क्रांती म्हणजे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक, कीटकशास्त्राचे माणूस, आणि स्टोन मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी वीस वर्षांची आकडेवारी लावली आणि म्हणाले की उत्पादन वाढलं त्यात खतांचा वाटा मोठा आहे आणि शेतकरी आता फवारणीवर बीटी येण्याच्या आधीपेक्षा जास्त खर्च करतोय. आता सांगा कोण खरं? माझ्या मते भांडण निम्मं तारखेचं आहे. पहिल्यांची मोजणी २००८ ला थांबली आणि गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणं नेमकं त्याच सुमाराला गुजरातेत बंद केलं होतं, नंतर २०१७ च्या हंगामात आपल्याकडे काय झालं ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. डोमकळी (अळी लागलेलं, न उमलणारं फूल) दिसली तेव्हा उशीर झाला होता, बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत सरकीला भोक पडलेलं, रुई पिवळी, नुसती कवडी, म्हणजे खराब कापूस. शेतात उभं राहून बघणाऱ्याला बाहेरून काही कळत नाही, ती अळी आत बसून खाते.

आणि याच स्टोनने आधी तेलंगणातल्या वरंगळला राहून आणखी एक गोष्ट पाहिली होती. शेतकरी कोणतं बियाणं घेतात? तर शेजारी जे घेतो ते. एका वर्षी गावभर एक पाकीट, दोन वर्षांनी त्याचं नावही नाही. वाण कसा आहे हे पारखायला वेळच मिळत नाही इतक्या वेगाने पाकिटं बदलतात. आता ही गोष्ट अर्थशास्त्राच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात भरणार? आपल्याकडे मे महिन्यात ठिबकवर कापूस लावतात, मग जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड ठेवतात, म्हणजे हंगाम संपला तरी तेच झाड पाणी देऊन राखतात, अळीला वर्षभर जेवण. फरदड ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि तरी माणूस ठेवतो, कारण त्या दोन वेचण्यांचे पैसे रोख हातात येतात. कीटकशास्त्रज्ञाचा सल्ला बरोबर आणि शेतकऱ्याचा हिशेबही बरोबर. या दोघांच्या मधे जे आहे त्यावर काम करणारं कुणीतरी पाहिजे.

म्हणून मास्तर, परिषदेत चार खोल्या बघून घाबरू नका. एकाच बोंडाभोवती चार जण बसलेले असतात, प्रत्येकाला वेगळा भाग दिसतो.

केळीवाला_रावेर

मला राहवत नाही म्हणून लिहितो, कुणाला राग येऊ नये. आमच्याकडे कॉलेजची पोरं येतात, पाच पानांचा फॉर्म भरून नेतात, कांदेबाग किती मृगबाग किती (केळी लावायचे दोन हंगाम), खर्च किती, कर्ज किती, घरात माणसं किती. आम्ही चहा पाजतो, सगळं सांगतो. परत येऊन "काका, तुमच्या फॉर्ममधून हे निघालं" असं सांगायला आजपर्यंत एक माणूस आला नाही. केळीवर हरण्या हा विषाणूचा रोग आला तेव्हा सगळ्या गावाने रोपं उपटून फेकली. औषध नाही म्हणतात, मावा पसरवतो म्हणतात, ते पटतं, पण लागवड केलेला बाग स्वतःच्या हाताने उपटायचा म्हणजे काय होतं ते फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते. मास्तर, तुम्ही आमच्यावर पीएचडी करणार तर आम्हाला त्यातून काय मिळेल ते पण लिहा.

शेंगदाणा_जळगाव

काका, तुमचं दुखणं रास्त आहे आणि फॉर्मवाल्यांनी परत यायलाच पाहिजे, पण संशोधनाने काहीच हाती लागत नाही असं नका म्हणू. जेएल-२४ भुईमूग आठवतो का, फुले प्रगती? उपटा वाण, तीन-सव्वातीन महिन्यांत निघणारा. तो आपल्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात निघाला, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, जेएल म्हणजे जळगावच. पुढे तो इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेमार्फत बाहेर गेला आणि आफ्रिकेत मलावीमध्ये काकोमा नावाने शेतकऱ्यांना दिला गेला. खान्देशातल्या एका केंद्राच्या वाफ्यावरचा दाणा तिकडच्या शेतात पेरतात, आणि आपल्या पोरांना हे कुणी शाळेत सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुमची जी-९ या केळीच्या वाणाची टिश्यू कल्चर रोपं पण प्रयोगशाळेतूनच आली ना काका. आणि मातृवृक्ष विषाणूमुक्त आहे का हे तपासूनच रोप वाढवलं पाहिजे, हे पण संशोधनच सांगतं, ते नीट होतंय का यावर लक्ष ठेवायचं काम आपलं सगळ्यांचं.

सिस्टरताई_धडगाव

मी इथे फार लिहित नाही, पण मास्तरांनी आरोग्याचं नाव काढलं म्हणून. आम्ही सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करतो, भिल्ल-पावरा वस्त्यांत. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा, हलवायचं, थोडं थांबायचं, आणि नळीच्या मागे रेघांचं कार्ड धरायचं. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, मग नमुना पुढच्या तपासणीला, कारण वाहक आहे की आजार आहे ते या नळीवरून कळत नाही. एवढ्या भागावर भरपूर संशोधन झालंय. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला, आता २०२३ पासून राष्ट्रीय मिशन चालू आहे, २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट.

पण गढूळ नळीनंतर घरात काय होतं यावर कोण काम करतंय? आईबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, हे आम्ही सांगतो, चित्र काढून सांगतो. पोरीचं कार्ड मात्र लग्नाच्या वेळी पेटीच्या तळाशी जातं. पोराचं कुणी विचारतच नाही. ही समाजशास्त्राची गोष्ट आहे, रक्ताची नाही, आणि निर्मूलन व्हायचं असेल तर यावाचून होणार नाही असं मला इतक्या वर्षांनी ठामपणे वाटतं.

मास्तर अर्थशास्त्राचे आहेत म्हणून त्यांच्या शाखेचं एक सांगते, एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं आणि नंतर शोधून वाचलं. राजस्थानात उदयपूरकडच्या गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी लसीकरणाचा प्रयोग केला, २०१० मध्ये छापून आला. काही गावं जशीच्या तशी ठेवली, काहींत दर महिन्याला न चुकता कॅम्प, आणि काहींत कॅम्पबरोबर प्रत्येक डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की ताटांचा संच. पूर्ण लसीकरण कुठे किती? ६ टक्के, १८ टक्के आणि ३९ टक्के. आणि डाळ वाटूनही एका पूर्ण लसीकरण झालेल्या बाळामागे खर्च जवळपास निम्माच आला, कारण सिस्टर तर दिवसभर बसणारच, बाळं जास्त आली की खर्च विभागला जातो. मला हे वाचून इतका आनंद झाला, कारण आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो की बायका अडाणी आहेत म्हणून येत नाहीत. त्या अडाणी नव्हत्या हो, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडत होता. आता हे काम आरोग्याचं की अर्थशास्त्राचं, तुम्हीच सांगा. बॅनर्जी आणि डुफ्लो दोघांनाही २०१९ ला मायकेल क्रेमरबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, १९९९ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात ते त्यातूनच आलंय. रावेरच्या काकांना हे पण सांगायचंय की तिथे शेजारच्या गावांशी तुलना ठेवली होती म्हणून सरकारला पटवता आलं.

पांझरा_इंजिनिअर

ताई, फार सुंदर लिहिलंत. मी धुळ्याचा, सिव्हिलवाला. इंजिनिअरिंगचं संशोधन म्हणजे ठोकळा फोडणं असं मास्तरांना वाटलं असेल तर साक्री तालुक्यात चला. पांझरेवरची फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पंप नाही, वीज नाही, सगळं उताराने. गावाची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, पाणी कमी असलं तर यंदा कोणता फड भिजवायचा हे गाव आधीच ठरवतं. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं नेमलेली, पाणी चोरलं तर दंड. ही तीन-चारशे वर्षं चाललेली गोष्ट. आता यात बांधकाम किती आणि समाजव्यवस्था किती? बंधारा अजून उभा आहे आणि पद्धत मोडली अशी गावं आहेत, वर धरण झालं, विहिरी वाढल्या, ज्याची मोटर त्याचं पाणी. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रश्नावर, की सामाईक पाणी, कुरण, मासे लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात का, आणि कोणते नियम टिकतात. बाई मूळच्या राज्यशास्त्राच्या. विश्वेश्वरय्या १८८४ ला नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीच्या कामांतलं एक आपल्या खान्देशातच होतं, पांझरेखालून पाणी नेणारा पाइप सायफन. एकाच नदीवर इतकं सगळं पडलंय आणि आमची पोरं प्रोजेक्ट मात्र नेटवरून उतरवतात.

अहिराणी_माणूस

आपला खान्देशमा संशोधननी परंपरा जुनी शे भो. पाटणादेवीजवळचा शिलालेख माहीत आहे ना, चाळीसगावचा? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला जमीन आणि उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, राजवाडे १९२६ ला गेले आणि लगेच पुढच्या वर्षी लोकांनी उभं केलं. मास्तर, लग्नगीतांच्या पेपरला हसू नका. ग्रिअर्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ली भाषांच्या खंडात टाकली, तेव्हापासून ही कोणत्या गोत्राची यावर वाद आहे, आणि तो सोडवायला आजीबाईंच्या तोंडची गाणीच लागणार.

चोपडेकर_मास्तर

हसलो नव्हतो दादा, खरंच. सगळ्यांचे आभार. ताईंचं डाळीचं उदाहरण वर्गात सांगितलं, पोरं चिडीचूप ऐकत होती.

वाचता वाचता एक सुचलंय, चूक असेल तर सांगा. आमच्याकडे एका वर्षी जूनच्या आधी वादळ आलं, घडासकट झाडं आडवी. हवामानावर आधारित फळपीक विमा काढलेला होता. भरपाई आली नाही, कारण आमच्या महसूल मंडळाच्या केंद्रावर वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेलाच नाही असं उत्तर मिळालं. नाल्यापलीकडचं शेत दुसऱ्या मंडळात, तिथे मिळाली. वडिलांनी पुढच्या वर्षी विमाच काढला नाही. तर प्रश्न असा की केंद्राचा आकडा आणि शेतातलं नुकसान यांत किती अंतर असतं, आणि त्या अंतरामुळे किती शेतकरी विमा सोडतात? हे अर्थशास्त्रात बसेल ना?

कपाशीवाला_धरणगाव

बसेल म्हणजे काय, हाच प्रश्न आहे! हवामान निर्देशांकाचा विमा आपल्या देशात पहिल्यांदा २००३ ला महबूबनगरला करून पाहिला, तेव्हापासून यावर जगभर काम चालू आहे. केनियात २०१० पासून गुराढोरांचा विमा उपग्रहातून दिसणाऱ्या हिरवळीवर देतात. आंध्र आणि गुजरातेत प्रयोग झाले, त्यात दिसलं की हाताशी रोख नसणं हे एक कारण आणि दुसरं म्हणजे विश्वास, ओळखीच्या माणसाने सांगितलं तर लोक जास्त घेतात. ते बहुतेक पावसावर आहे. केळी आणि वारा यावर करायला भरपूर वाव आहे. मंडळाच्या हद्दीच्या अलीकडचं आणि पलीकडचं शेत, जमीन तीच, वारा तोच, फक्त केंद्र वेगळं, यापेक्षा चांगली तुलना तुम्हाला कोण देणार?

पांझरा_इंजिनिअर

मास्तर, एक लक्षात ठेवा, वारा मोजायची प्रमाण उंची दहा मीटर असते आणि तीही मोकळ्या जागेत. केंद्र इमारतीच्या आडोशाला असलं किंवा शेजारी झाडं वाढली की वेग कमी दिसतो. म्हणून पहिल्यांदा तुमच्या तालुक्यातली केंद्रं स्वतः जाऊन बघा, उंची किती, चारी बाजूंना काय आहे, फोटो काढा, तारीख टाका. आकडेवारी घेऊन घरी बसलात तर ही गोष्ट कधीच कळणार नाही. दुसरं, केळीचं झाड किती वाऱ्याला पडतं हे झाडाच्या वयावर, घडाच्या वजनावर आणि टेकू दिलाय की नाही यावर असतं, ते पण लिहून घ्या.

केळीवाला_रावेर

या विषयाला माझा पाठिंबा आहे. वादळाच्या पंचनाम्यांच्या झेरॉक्स, विम्याच्या पावत्या, तलाठ्याकडच्या नकला, बरंच जपून ठेवलंय. आमच्या गावात पलीकडच्या मंडळातले पाव्हणे पण आहेत, त्यांच्याशी बोलणं करून देतो. या एकदा, पण दुपारी नका येऊ, ऊन फार आहे.

चोपडेकर_मास्तर

काका, नक्की येतो. जे निघेल ते आधी तुमच्या गावात वाचून दाखवीन, मग विद्यापीठात. सर म्हणतील हा भूगोलाचा विषय झाला, त्यांना काय सांगू?

तापीकाठ

सहमार्गदर्शक घ्या. २०२२ च्या यूजीसी नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो, भूगोलातले कुणी तयार होतात का विचारा. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) मुख्य प्रश्न विमा सोडण्याचाच ठेवा, वाऱ्याची मोजणी पुरावा म्हणून येऊ द्या, म्हणजे अर्थशास्त्राच्या बाहेर गेलात असं कुणी म्हणणार नाही. तालुका एकच घ्या, जिल्हा नको. आणि केंद्रांची जुनी आकडेवारी मिळवायला अर्ज आजच टाका, त्याला वेळ लागतो, पुढचा वादळाचा हंगाम त्याच्यासाठी थांबणार नाही.